लँड रोव्हर सिरीज थ्रीच्या सरकत्या काचा: चॅनेल आणि रबर बदलायचं म्हणजे नेमकं काय करायचं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की गाडी १९७४ ची सिरीज थ्री, ८८ इंची व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), ड्रायव्हर साइडची काच अर्ध्यावर येऊन अडकते, पावसात घाट चढताना मांडीवर पाणी पडतं, मिस्त्रीने आतल्या बाजूने सिलिकॉन मारून दिलं तर पाणी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, आणि आता तुम्ही विचारताय की चॅनेलचं, म्हणजे काच ज्या खाचेत सरकते त्या पट्ट्यांचं, किट मागवू का पूर्ण डोअर टॉपच, म्हणजे दरवाजाचा वरचा खिडकीचा भागच, नवीन घेऊ.

दादा, आधी सिलिकॉनबद्दल बोलतो कारण तिथेच सगळं प्रकरण समजतं. या गाडीच्या खिडकीत पाणी शिरतंच, शिरणारच, तशीच ती बनवली आहे. काचेवरून ओघळणारं पाणी खालच्या चॅनेलमध्ये उतरतं आणि चॅनेलच्या तळाला असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. म्हणजे खालचा चॅनेल हा काच सरकवायची पट्टी तर आहेच पण त्याच्या आधी ती पन्हळ आहे, आपल्या कौलारू घराला असते तशी. पन्हळीचं तोंड बुजवलं तर पाणी कुठे जाणार, वरून ओसंडून घरातच येणार ना. तुमच्या मिस्त्रीने चांगल्या मनाने केलं असेल पण त्याने भोकं बुजवली, म्हणून पाणी वाढलं. हे एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं काम सोपं आहे, आणि हे बसलं नाही तर इंग्लंडहून कितीही महागाचं किट आणा, पुढच्या जुलैत तुम्ही परत मला हाच प्रश्न विचाराल.

दुसरं म्हणजे काच अडकते ती फेल्ट, म्हणजे चॅनेलच्या आतलं मऊ कापडी अस्तर, जुना झाला म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. फेल्ट झिजला तर काच खरं तर सैल होते, खडखडते. अडकते ती गंजामुळे. डोअर टॉपची फ्रेम लोखंडी, खालचा दरवाजा वरून ॲल्युमिनियमचा, फेल्टमध्ये वर्षानुवर्षं पाणी आणि माती साचलेली. लोखंड गंजलं की ते मूळ पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं, फुगतं, आणि चॅनेलच्या पाठीमागे फुगायला लागलं की चॅनेलला वर उचलतं, बाजूने दाबतं. काच बिचारी तेवढीच, जागा कमी झाली. म्हणून जोर लावून काच सरकवू नका, आत्ताच सांगतो. टफन्ड काच सपाट अंगावर बऱ्यापैकी मार खाते पण कडेवर बारीकसा ठोका बसला तरी अख्खी काच भुगा होते. माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीची काच अशीच गेली, मी स्क्रू ड्रायव्हरने कोपऱ्यातून जरासं उचकटलं फक्त, आणि पुढच्या क्षणी माझ्या हातात काहीच नव्हतं, सगळी काच सीटवर साखरेसारखी पसरली होती. त्या दिवसापासून काचेच्या कडेजवळ मी लोखंडी हत्यार नेत नाही, लाकडाची पातळ पट्टी किंवा जाड प्लास्टिकची.

आता किट की टॉप. हे टॉप काढल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि काढायला फार वेळ लागत नाही. या दरवाजाचे दोन भाग आहेत, खालचा दरवाजा आणि वरची खिडकी, आणि वरचा भाग खालच्यावर दोन बोल्टांनी बसवलेला असतो, आतून नट दिसतात. पाने इंची लागतील, मेट्रिक पाना घालून नटाची टोकं गोल करू नका. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा, मग पाना लावा. नट फिरताना अख्खा बोल्टच फिरायला लागला तर थांबा, बोल्ट फ्रेममधून सुटतोय, अशा वेळी नट कापून काढलेला परवडतो.

टॉप निघाला की टेबलावर जुनी चादर टाकून उलटा ठेवा आणि खालची कड बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालच्या पट्टीवर ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भदभद आवाज देतो, कान दिलात तर नवख्या माणसालाही फरक कळतो. बहुतेक गाड्यांत वरची आणि उभी पट्टी ठणठणीत असते आणि खालची पट्टी कोपऱ्यांपाशी गेलेली असते, कारण पाणी तिथेच थांबतं. खालच्या पट्टीत इथे तिथे भोकं असतील, कोपरे शाबूत असतील, तर वेल्डिंग करून पत्रा घाला आणि किट बसवा. कोपरेच गेले असतील, बोल्ट जिथे धरतात तिथला पत्रा बोटाने दाबला जात असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, नवीन टॉप घ्या. अशा टॉपवर मी पूर्वी तासन् तास घालवले आहेत आणि दोन पावसाळ्यांनंतर तेच टॉप परत आले. एक सांगतो, नवीन बाजारातले टॉपही गाडीला आणल्याबरोबर बरोबर बसतात असं नाही, त्यांनाही जुळवून घ्यावं लागतंच. म्हणून जुना मूळचा टॉप वाचत असेल तर तो वाचवा, त्याचा आकार तुमच्या दरवाजाशी पन्नास वर्षं जुळलेला आहे.

काचा काढताना आधी फोटो काढा, चारही कोपऱ्यांचे, आतून आणि बाहेरून. कुठली काच बाहेरच्या खाचेत आणि कुठली आतल्या, खटका कुठल्या तोंडाला, हे नंतर आठवत नाही. साधारण एक काच सरकते आणि दुसरी जागेवर असते, काही गाड्यांत दोन्ही सरकतात, मधे कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही म्हणून तुमच्या गाडीत काय आहे ते बघून लिहून ठेवा. चॅनेल बारीक स्क्रूंनी धरलेले असतात आणि ते स्क्रू फेल्टच्या आत लपलेले असतात, त्यामुळे लोकांना वाटतं चॅनेल चिकटवलेला आहे आणि ते उपटायला बघतात. आधी फेल्ट खरवडा. त्यातून काय काय निघतं बघाल तर आश्चर्य वाटेल. मागच्या वर्षी एका टॉपमधून मी बोटभर लांबीचा हिरवागार शेवाळाचा पट्टा सलग काढला, त्याच्याखाली काळी माती, आणि त्या मातीत गवताचं एक बी रुजलेलं होतं, पांढरं मूळ फुटलेलं. इंग्लंडमधले लँड रोव्हरवाले सुद्धा या शेवाळाबद्दल बोलतात, तिथे तर बारा महिने ओल.

स्क्रूची खाच साफ दिसायला लागली की बरोबर मापाचा ड्रायव्हर घ्या, डोक्यावर हातोडीचा एक हलका ठोका द्या आणि मग फिरवा. नाहीच सुटला तर डोकं ड्रिलने उडवा, चॅनेल तर फेकायचाच आहे. पण ड्रिल करायच्या आधी काच दुसऱ्या टोकाला सरकवून ठेवा, सरकत नसेल तर काच आणि ड्रिलच्या मधे पत्र्याचा तुकडा धरा. स्क्रू निघाले की खालचा चॅनेल आणि काचा एकत्रच आतल्या बाजूला घ्यायच्या, दोन माणसं लागतात, एकाने काच धरायची आणि दुसऱ्याने चॅनेल सोडवायचा. हे एकट्याने करू नका.

आता गंजाचं काम, आणि इथे घाई करणारे खूप आहेत. रिकामी फ्रेम हातात आली की वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, खाचांमध्ये जुना हॅक्सॉ ब्लेड घालून खरवडा, मग गंज मारायचं फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध लावा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, पुसा, पूर्ण वाळू द्या. मग झिंकवाला प्रायमर, दोन हात, आणि मग रंग. चॅनेल ज्या जागी बसणार तिथेही रंग पाहिजे, तो दिसणार नाही म्हणून सोडायचा नाही, उलट तिथेच सगळ्यात जास्त पाहिजे. रंग नुसता हाताला कोरडा लागून उपयोग नाही, नख मारून बघा, रेघ उठत असेल तर अजून थांबा. मी पावसाळी हवेत चार दिवस ठेवतो.

एक महत्त्वाचं, रंगाचं काम पूर्ण होईपर्यंत त्या जागेत सिलिकॉनचा स्प्रे आणूच नका. त्याचा अंश पत्र्यावर बसला तर रंग तिथे धरत नाही, बारीक बारीक खळगे पडतात, आणि मग सगळं खरवडून परत पहिल्यापासून. तुमच्या टॉपवर तर आधीच सिलिकॉन मारलेलं आहे, ते ब्लेडने काढून झाल्यावर सिलिकॉन काढायच्या सॉल्व्हंटने दोन-तीनदा, दर वेळी नवीन फडक्याने पुसा. आणि ते सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला होता का आठवा. बाथरूमला वापरतात त्यातलं बरंचसं असलंच असतं, ते वाळताना ॲसिड सोडतं आणि लोखंडाला गंज आणतं. म्हणजे पाणीही अडवलं आणि गंजही वाढवला. कुठे सीलंट लागलंच तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या, किंवा माझ्या आवडीचं म्हणजे ब्युटाइलची काळी पट्टी, ती कधी कडक होत नाही आणि पुढच्या वेळी काढताना शिव्या घालाव्या लागत नाहीत.

चॅनेल कुठला घ्यायचा. किटमध्ये साधारण वरचा, खालचा आणि उभे तुकडे मापात कापून येतात, स्क्रू कधी असतात कधी नसतात. दोन प्रकार बघायला मिळतात, एक लोखंडी पत्र्याचा आतून फेल्ट किंवा फ्लॉक (मखमलीसारखी बारीक लव) लावलेला, आणि दुसरा प्लास्टिक किंवा रबराच्या अंगाचा. मूळ गाडीसारखं दिसायला पहिला, पण कापलेल्या टोकांना तो पुन्हा गंजतो. तुम्ही गाडी घाटात वापरणार, प्रदर्शनात लावणार नाही, तर खालच्या चॅनेलला तरी न गंजणारा वापरा असं मी सांगेन. किट मागवायचं नसेल तर बस बॉडी बांधणाऱ्यांकडे सरकत्या काचांचा फेल्ट चॅनेल लांबीवर मिळतो, पुण्यात नाना पेठेत विचारलं तर कोणीतरी रस्ता दाखवतं. फक्त जाताना जुन्या चॅनेलचा वितभर तुकडा आणि काचेची जाडी व्हर्नियरने मोजून घेऊन जा, डोळ्याने बघून आणलेला चॅनेल हमखास एक-दीड मिलिमीटर इकडे तिकडे असतो, आणि दोन काचा एकमेकींजवळून जाणार असतात त्यामुळे मधल्या भिंतीची जाडीही जुळली पाहिजे.

काच कोपऱ्याला उडालेली असेल तर तीही आत्ताच बदला. टफन्ड काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, घासून कमी करता येत नाही, म्हणून आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून चॅनेलमध्ये सरकवून बघा, मग काचवाल्याला द्या. ॲक्रिलिक टाकायचा सल्ला लोक देतात, स्वस्त पडतं खरं, पण आपल्याकडच्या धुळीत फेल्टमधून चार वेळा सरकलं की त्यावर रेघा पडतात आणि रात्री समोरून लाइट आला की काही दिसत नाही. मी टाकत नाही.

चॅनेल कापताना बारीक दात्याचा हॅक्सॉ ब्लेड, आणि खाचेत लाकडाची पट्टी घालून मगच कापायचा, नाहीतर तोंड चेपतं. कानशीने टोक साफ करा, लोखंडी असेल तर टोकाला प्रायमर लावा. खालचा चॅनेल दोन्ही टोकांना मिलिमीटर-दीड मिलिमीटर आखूड ठेवा, अगदी घट्ट ठोकून बसवलेला चॅनेल मधे फुगतो आणि काच पुन्हा तिथेच अडकते.

आता भोकं. किटच्या चॅनेलला भोकं असतीलच असं नाही, आणि असली तरी तुमच्या फ्रेमच्या भोकांसमोर येतीलच असं नाही. सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. चॅनेल फ्रेममध्ये कोरडा बसवा, बाहेरून फ्रेमच्या भोकातून खिळ्याने खूण करा, चॅनेल काढून त्या जागी ५ मिलिमीटरचं भोक पाडा, फेल्टही तेवढा कापून टाका, नुसतं लोखंडाला भोक आणि वर फेल्ट तसाच असं ठेवलं तर तो फेल्ट वर्षभरात चिखलाने लिंपला जातो. फ्रेमची भोकं वेल्डिंगमध्ये बुजली असतील तर नवीन पाडा, ती बाहेरच्या बाजूला उतरती पाहिजेत. मग काचा नसताना कपभर पाणी चॅनेलमध्ये ओता. पाणी लगेच बाहेर पडलं पाहिजे आणि एक थेंबही आतल्या कडेला यायला नको. मी हे काच बसवायच्या आधी करतो कारण नंतर चूक सापडली तर सगळं उलगडावं लागतं.

काचा बसवण्याआधी त्याच कोरड्या फिटिंगमध्ये वरच्या आणि खालच्या चॅनेलमधलं अंतर तीन जागी मोजा, पुढे, मधे, मागे. फरक दोन मिलिमीटरच्या वर असेल तर काच एका टोकाला सैल आणि दुसरीकडे घट्ट होणार, मग कुठेतरी गंज राहिलाय किंवा फ्रेम वाकली आहे, ते आधी दुरुस्त करा. सगळं जुळलं की वरचा आणि उभे चॅनेल स्क्रूने धरा, काचा खालच्या चॅनेलमध्ये उभ्या करून तो सगळा संच वरच्या खाचेत घालून मग खाली बसवा. स्क्रूचं डोकं फेल्टच्या पातळीच्या वर राहू देऊ नका, काचेची कड त्यावर घासली तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. स्टेनलेसचे स्क्रू घेतलेत तर जिथे ॲल्युमिनियमला लागतात तिथे मधे नायलॉनचा वॉशर किंवा झिंक प्रायमर ओला असतानाच बसवा, दोन वेगळे धातू आणि त्यात खारं पाणी आलं की ॲल्युमिनियमची पांढरी पूड होते, कोकणातल्या गाड्यांत हे फार दिसतं.

टॉप परत दरवाजावर ठेवताना दोन भागांच्या मधे रबराची पट्टी असते, ती बऱ्याच गाड्यांत गायबच असते आणि मालकाला माहीतही नसतं. तुमच्या मांडीवरचं पाणी थोडंफार तिथूनही येत असणार. ती पट्टी घाला, आणि दरवाजाच्या चौकटीचं रबरही बघा. रबर ईपीडीएमचं मिळालं तर उत्तम, उन्हात ते चिरत नाही, पण त्याला इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागलं तर ते फुगतं. काच सरकावी म्हणून चॅनेलमध्ये तेल सोडणारे खूप आहेत, तेही नको, तेलाने धूळ धरते आणि फेल्टची पेस्ट होते. रंगाचं काम संपलेलं आहे, आता सिलिकॉनचा स्प्रे चालेल, फडक्यावर मारून फेल्टला पुसायचा, बस.

मग दरवाजा लावून कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राची पट्टी रबराच्या मधे धरून दरवाजा बंद करा आणि ओढा, थोडा अडून निघाली पाहिजे. सहज निघते तिथे फट आहे. या गाड्यांचे टॉप वरच्या मागच्या कोपऱ्यात बाहेर झुकतात, वेगात गेलं की तिथूनच वारा शिट्टी मारतो. टॉपच्या पायाशी बोल्टजवळ एक-दोन वॉशर घालून कल आत घेता येतो. गुडघा लावून टॉप आत वाकवणारे पण आहेत, रिकाम्या फ्रेमला एक वेळ चालेल, काचा असताना अजिबात नाही. आणि हे करायच्या आधी बिजागऱ्या बघा, दरवाजा उचलून हलत असेल तर आधी तो प्रश्न सोडवा, नाहीतर सगळं जुळवलेलं परत हलेल.

लोक मला विचारतात एवढं सगळं करण्यापेक्षा खालीवर होणाऱ्या काचेचे दरवाजे का लावत नाहीस, नंतरच्या गाड्यांना आलेच की ते. लागतात, लावणारे लावतात. पण १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली तेव्हा युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून अंगाला ॲल्युमिनियमचं मिश्रण वापरलं, सगळं सपाट आणि साधं ठेवलं, त्याच विचाराने सपाट काच आणि सरकती खिडकी. त्यात तुटायला हँडल नाही, गिअर नाही, वायर नाही. पश्चिम बंगालमध्ये मानेभंज्यांग ते संदकफूच्या रस्त्यावर पन्नासच्या दशकातल्या लँड रोव्हर कालपरवापर्यंत प्रवासी वाहत होत्या, त्या तशा दुरुस्त होऊ शकल्या याचं कारण हेच, की स्क्रू ड्रायव्हर आणि हॅक्सॉ असलेला माणूस ती गाडी उघडू शकतो. तुमच्या गाडीची सरकती खिडकी काढू नका एवढी माझी मनापासून विनंती आहे.

वेळेचं म्हणाल तर एका दरवाजाला हाताचं काम दोन दिवस, रंग वाळायचे दिवस वेगळे. मे महिन्यात करा, जूनच्या तोंडावर घेऊ नका. झाल्यावर पंधरा दिवस गाडी चालवा आणि मग सगळे स्क्रू एकदा हाताने तपासा, फेल्ट दबला की ते थोडे ढिले होतात. पुढे दर वर्षी पहिल्या पावसाआधी जुना टूथब्रश घेऊन खालचा चॅनेल झाडा आणि सायकलच्या स्पोकचा तुकडा प्रत्येक भोकातून आरपार घाला, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि टॉप काढलात की खालच्या कडेचे फोटो पाठवा, दोन्ही कोपरे दिसतील असे, उजेडात काढलेले आणि आधी घासून साफ केलेले. बोल्टाच्या आजूबाजूचा पत्रा दिसला की किट मागवायचं का नवीन टॉप ते मी नक्की सांगतो, तोपर्यंत कुठलीच ऑर्डर देऊ नका.